वृषभाच्या शिंगापाशी

कृष्णविवराने माझी पार निराशा केली होती. 'एलिट डेंजरस' या गेममध्ये आकाशगंगेच्या केंद्रापर्यंत, म्हणजे सूर्यापासून जवळजवळ 26 हजार प्रकाशवर्षं, मी गेले आणि सॅजिटेरियस ए-स्टारसमोर जहाज थांबवलं. मागच्या ताऱ्यांचा प्रकाश त्याच्याभोवती वाकलेला दिसतो, बस्स. एवढ्या लांब येऊन पाहायचं ते अंधाराचं वर्तुळ! तिथेच ठरवलं, पुढची सफर न्यूट्रॉन ताऱ्याकडे. तोही असा की जो खरोखर आकाशात आहे.

ही अट माझ्या आवडीची आहे. 2014 साली आलेल्या या गेमने आपली आकाशगंगा खऱ्या आकारात उभी केली आहे. तिच्यात सुमारे 400 अब्ज तारे आहेत. त्यांतले दीड लाखाच्या आसपास खगोलशास्त्रज्ञांच्या याद्यांमधून घेतलेले, बाकीचे संगणकाने गणिताच्या आधारे रचलेले. रचलेल्या ताऱ्यांना अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक नावं असतात आणि त्यांच्यात माझा जीव रमत नाही. रोहिणी, ज्येष्ठा, काक्षी ही नावं लहानपणी गच्चीवर ऐकलेली. त्यांच्या दारात जाता येतं, यासाठी मी हा गेम खेळते.

म्हणून निघाले ती रोहिणीवरून. वृषभ राशीचा हा नारिंगी डोळा आपल्यापासून फक्त 65 प्रकाशवर्षांवर आहे. जायचं होतं त्याच राशीत, पण शंभरपट लांब, शिंगाच्या टोकाजवळच्या क्रॅब तेजोमेघात. त्याच्या पोटात क्रॅब पल्सार, म्हणजे वेगाने फिरणारा न्यूट्रॉन तारा आहे. इसवी सन 1054 मध्ये चिनी निरीक्षकांनी तिथे एक 'पाहुणा तारा' नोंदवला. तो 23 दिवस भर दिवसा दिसत होता. तो खरं तर एका ताऱ्याचा स्फोट होता, आणि त्या फुटलेल्या ताऱ्याचा गाभा म्हणजे हा पल्सार.

मधले दिवस उडी, इंधन, उडी यात गेले.

या गेममध्ये उडी संपते ती ताऱ्याच्या अगदी पुढ्यात. साधा तारा असेल तर सगळा पडदा पेटून उठतो. इथे समोर आला तो निळसर पांढरा ठिपका. त्याच्या दोन बाजूंनी निघालेले दोन झोत मात्र इतके लांब, की जहाजाच्या काचेच्या दोन्ही कडा ओलांडून गेलेले, आणि ते सावकाश डोलत होते. मी गती शून्यावर आणली आणि बराच वेळ नुसती बघत बसले. सूर्याहून जास्त वस्तुमान आणि व्यास जेमतेम वीसेक किलोमीटर. हा तारा पुणे शहरात मावेल. या गोष्टी पुस्तकात वाचलेल्या होत्या. पण ज्याच्यापासून लांब राहायचं तो इतका छोटा आहे, हे डोळ्यांनी पाहिल्यावर पोटात गोळा आला.

आणि तरी त्या झोतात शिरायचंच होतं. झोतातून जहाज नेलं की उडीचं इंजिन भारलं जातं आणि पुढची एक उडी चौपट लांब पडते. माझं जहाज एरवी साठेक प्रकाशवर्षं उडतं, भारल्यावर 240. किंमत अशी, की इंजिन प्रत्येक वेळी थोडं झिजतं. ताऱ्याच्या फार जवळ गेलं तर जहाज अतिवेगातून बाहेर फेकलं जातं, आणि तसं झोताच्या आतच झालं तर वाचणं कठीण. म्हणून शिरायचं ते झोताच्या लांबच्या, रुंद टोकाकडून.

गती निम्म्याखाली ठेवून मी कडेने आत सरकले. क्षणात जहाज माझं राहिलं नाही. नाक एकीकडे, शेपूट दुसरीकडे. मी स्टिक डावीकडे ओढतेय आणि जहाज गरागरा उलटं फिरतंय. कॉकपिट थरथरत होतं. हेडफोनमधली घरघर छातीत उतरली. पडद्यावर निळ्या-पांढऱ्या धुराशिवाय काही उरलं नाही, वर-खाली काही कळेना. मग इंजिन मर्यादेपलीकडे चालल्याची सूचना आली आणि जहाज झोताबाहेर भिरकावलं गेलं. मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते. इतकी भीती आणि इतका आनंद मला कुठल्याच गेमने एकत्र दिलेला नाही.

खरा झोत असा नसतो, हे मला माहीत आहे. खरा क्रॅब पल्सार सेकंदाला सुमारे 30 वेळा फिरतो, आणि त्याच्या किरणांत शिरलेल्या माणसाचं काही उरणार नाही. तिथे चौपट उडी मिळते ही गेमवाल्यांची कल्पना. ती मला मान्य आहे, कारण तिच्यामुळे माणसं न्यूट्रॉन ताऱ्याजवळ जातात.

त्या रात्री झोप आली नाही, म्हणून पल्सारचा शोध कसा लागला ते वाचत बसले. 1967 साली केंब्रिजमध्ये जोसेलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला दुर्बिणीच्या कागदी आलेखावर एक वेगळीच खूण दिसली. दर 1.33 सेकंदांनी नेमका येणारा ठोका. यंत्रातला दोष असेल, ही शंका बाजूला सारून तिने तो पुन्हा पुन्हा तपासला. 1974 चं नोबेल तिच्या मार्गदर्शकाला, अँटनी ह्यूइश यांना, मार्टिन राइल यांच्यासोबत मिळालं. तिला नाही. याचा मला आजही राग येतो.

असे ठोके ऐकणारं एक ठिकाण आपल्याकडेही आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 रेडिओ दुर्बिणी आहेत, आणि पल्सारचा अभ्यास हे त्यांचं एक मोठं काम.

गेम नसला तरी ही सफर अर्धी करता येते. डिसेंबर-जानेवारीत, गावाबाहेरच्या अंधारात, रोहिणीपासून वृषभाच्या खालच्या शिंगाच्या टोकापर्यंत नजर न्या आणि तिथे छोटी दुर्बीण लावा. फिकट, लांबट डाग दिसेल. क्रॅब तो हाच. आधी तो पाहा, मग जहाज सुरू करा.