मियागाम करजणची पाटी

परवा भाचीनं तिच्या पहिल्या संशोधन-पोस्टरचा कच्चा नमुना व्हॉट्सॲपवर पाठवला. "मावशी, वरचा पट्टा कसा वाटतो?" तीन ओळींचं शीर्षक, सगळं कॅपिटल अक्षरांत, दोन्ही बाजूंना लोगो आणि मागे शेताचा फोटो. मला हसूच आलं. वीस वर्षांपूर्वी मी अगदी हेच केलं होतं.

मी करजणची. बाबा रेल्वेत, बुकिंग ऑफिसात. डभोईची छोटी गाडी आमच्या स्टेशनातून सुटायची, अडीच फुटी रुळांवरची. १८६२ साली ही लाइन सुरू झाली तेव्हा डबे बैल ओढत, हे बाबा प्रत्येक पाहुण्याला सांगत. माझा विषय मात्र रुळांपलीकडची कपाशीची काळी जमीन. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यात पाणी केव्हा आणि किती मुरतं, ते मी दोन पावसाळे शेतात लोखंडी कडी ठोकून मोजलं होतं.

बडोद्याच्या एका परिषदेत पोस्टर लागलं. लोक चालता चालता वर बघत आणि पुढे जात. दोन तासांत चौघं थांबले, त्यातल्या एकाला चहा कुठे आहे ते हवं होतं. बाबा दुपारच्या गाडीनं आले, इस्त्रीचा शर्ट घालून. दहा-बारा फुटांवर उभे राहून त्यांनी चष्मा वर-खाली केला.

"यात तुझं नाव कुठलं?"

तीन नावं होती, तिन्ही आद्याक्षरांत. मी बोट दाखवलं.

"स्टेशनच्या पाटीवर कधी 'मि. क.' लिहिलेलं पाहिलंस?" मग म्हणाले, "बरं, सापडलं काय?"

"पहिल्या पावसाचं पाणी भेगांतून भराभर आत उतरतं. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि पुढचं पाणी वरूनच वाहून जातं."

"मग हेच लिही ना वर."

"बाबा, असं लिहीत नाहीत," मी फटकन म्हणाले. शेजारी सर उभे होते ना! बाबा काही बोलले नाहीत. कोपऱ्यातल्या खुर्चीवर शेवटपर्यंत बसून राहिले. परतीच्या गाडीतही आम्ही गप्पच.

२०१९ मध्ये माइक मॉरिसन नावाच्या अमेरिकन संशोधक विद्यार्थ्याचा व्हिडिओ गाजला. मुख्य निष्कर्ष साध्या भाषेत, मोठ्या अक्षरांत पोस्टरच्या मधोमध लिहा, असं तो सांगत होता. मला तो इस्त्रीचा शर्ट आठवला. बाबा तोवर गेले होते.

भाचीला मी स्टेशनची पिवळी पाटी डोळ्यांपुढे आणायला सांगितलं. गावाचं नाव धावत्या गाडीतून वाचता येतं. समुद्रसपाटीपासूनची उंची बारीक अक्षरांत असते, ती गाडी थांबलेला प्रवासी वाचतो. शीर्षकाचंही तसंच. काय सापडलं ते दहा-बारा शब्दांत, साध्या पार्श्वभूमीवर. ए-शून्य आकाराच्या पोस्टरवर अक्षर निदान ८५ पॉइंटचं हवं; ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. सगळी कॅपिटल नकोत, शब्दांचे आकार हरवतात. लोगो लहान करून कोपऱ्यात. शीर्षकाची पट्टी खऱ्या मापात छापून भिंतीला लाव आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन वाच. स्क्रीनवर सगळंच छान दिसतं.

"पण मावशी, निष्कर्ष अजून पक्का नाही."

हे तिचं बरोबर होतं. मग वर प्रश्न लिही, म्हटलं. न सापडलेलं सापडलं म्हणू नकोस.

नावाबद्दल मात्र मी हटून बसले. पूर्ण नाव, आणि स्पेलिंग आयुष्यभर एकच. आपल्या आडनावांची इंग्रजीत दोन-तीन रूपं सहज होतात आणि मग तुमचं काम भलत्याच कुणाच्या खाती जमा होतं. ऑर्किडचा १६ अंकी क्रमांकही काढायला लावला. तो फुकट मिळतो.

गेल्या दिवाळीत करजणचं घर आवरताना कपाटामागे माझ्या फ्लेक्सची सुरळी सापडली. उलगडली तर मागच्या कोऱ्या बाजूवर काळ्या मार्करनं, बुकिंग ऑफिसच्या सूचनाफलकावर असायचं तसं बाबांचं ठळक अक्षर : 'पहिलं पाणी भेगांतून आत जातं, नंतरचं वाहून जातं.' त्याखाली माझं पूर्ण नाव. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत, मियागाम करजण.