आपा, गोष्ट सांग ना

धुळ्याच्या आमच्या मोहल्ल्यात यंत्रमागांचा खडखडाट रात्रीही थांबत नसे. त्या आवाजातच मी अरबी गोष्टींचे भाग एकामागून एक वाचून काढले. घरात उर्दू, शाळा मराठी. अलादीन, सिंदबाद, अलीबाबा मला भेटले ते मराठीतून. वर्गातल्या मुली म्हणत, “तुमच्या लोकांच्या गोष्टी आहेत गं!” मला ते आवडायचे. आमच्या लोकांत उडता गालिचा कोणाकडे नव्हता, साधासुद्धा नव्हता. अब्बा मागावर कापड विणत.

कॉलेजात गेल्यावर कळले की या गोष्टी मराठीत आणल्या कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी, १८६० च्या दशकात, तेही इंग्रजीवरून. पुढे आणखी एक गंमत कळली. अलादीन आणि अलीबाबा जुन्या अरबी हस्तलिखितांत नाहीतच. हलबच्या हन्ना दियाब नावाच्या ख्रिस्ती तरुणाने १७०९ साली पॅरिसमध्ये त्या गोष्टी आंत्वान गालां या फ्रेंच पंडिताला सांगितल्या आणि त्याने त्या आपल्या भाषांतरात घातल्या. सीरियाचा ख्रिस्ती, पॅरिसचा फ्रेंच, पुण्याचा शास्त्री आणि धुळ्याच्या विणकराची मुलगी. आता ‘तुमच्या लोकांच्या’ म्हणजे नेमके कोणाच्या?

गौरी देशपांडे यांनी बर्टनच्या इंग्रजीवरून केलेले सोळा खंड हाती आले, तोवर मी दोन मुलींची आई झाले होते. लहानपणी ज्या पानांवरून मी उड्या मारत पुढे जायची, तिथेच आता अडकले. बादशहा रोज एक मुलगी निकाह लावून आणतो आणि सकाळी तिची मान उडवतो. शहरात मुली उरत नाहीत. त्या मुलींची नावे गोष्टीत नाहीत. वजीर आपल्या लेकीला अडवताना बैल-गाढवाची गोष्ट सांगतो. त्या गोष्टीतला सावकार हट्टी बायकोला झोडपून गप्प करतो, आणि तुझीही तीच गत करीन असे हा बाप म्हणतो. लेकीचा जीव वाचवायचा आहे, पण भाषा मात्र माराचीच. अशी माया मी आमच्या गल्लीतही पुष्कळ पाहिली आहे.

शहरजाद ऐकत नाही. बाकीच्या मुली वाचतील नाहीतर आपण मरू, असे सांगून ती जाते. धाकट्या बहिणीला सोबत नेते, हे मला सर्वांत मोठे वाटते. दुनियाजाद पलंगाच्या पायथ्याशी बसून राहते आणि वेळ साधून म्हणते, आपा, गोष्ट सांग ना. तिने ते म्हटले नसते तर पहिलीच रात्र शेवटची होती. दिव्यातल्या जिन्नाचे नाव पोराटोरांनाही ठाऊक आहे. दुनियाजादचे नाव मोठी माणसेही विसरतात.

माझी नात नऊ वर्षांची आहे. तिला बादशहा-वजीर नको असतात. “दादी, डायरेक्ट दिव्यापासून सांग,” म्हणते. मी दिव्यापासून सांगते.