आधी हाताने फिरवा

गेल्या मे महिन्यात आम्ही उभयता अमेरिकेत धाकट्या भावाकडे गेलो होतो. शनिवार-रविवारी फिरवायच्या जुन्या शेवरोलेचे इंजिन बापलेक गॅरेजमध्ये बांधत होते. मुलाने कॉलेज सोडल्यापासून दोघांत अबोलाच.

त्या ३५० इंजिनात पिस्टनची वरखाली धाव, म्हणजे स्ट्रोक, ८८.४ मिलिमीटर. ४०० इंजिनाच्या मापाचा क्रँकशाफ्ट बसवला की ती ९५.२५ होते. सिलिंडर किंचित रुंद केले की ५.७ लिटरचे इंजिन ६.३ लिटरच्या आसपास जाते. ताकद वाढते, पण लांब धावेत कनेक्टिंग रॉडचे बोल्ट ब्लॉकला लागू शकतात.

भाऊ घाईने ऑइल पॅन लावायला निघाला. पुतण्या म्हणाला, "अब्बा, आधी हाताने फिरवा."

फिरवले. एका जागी क्रँक अडकला. तसेच सुरू केले असते तर भावाची वर्षभराची बचत गेली असती. पुतण्याने तिथे ब्लॉक घासून दीड मिलिमीटर मोकळीक केली. पुन्हा फिरवले; क्रँक सरसर फिरला.

"शाबास बेटा," भाऊ म्हणाला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच.

आम्ही दोघेही शिक्षक. मुलांकडून लांब धावेची अपेक्षा रोज करतो. तेवढी जागा करून देतो का?