रिकामा रकाना

सोमवारी सकाळी साडेनऊला वाचनालयातून ग्रंथपाल बाईंचा फोन आला. “अरे, दंडाच्या यादीत माझंच नाव आलंय. एरवी पानभर असणारी यादी आज अकरा पानं झालीय, आणि शिपायानं ती फलकावर लावलीसुद्धा!”

शनिवारी रात्रीच मी वाचनालयाचा प्रोग्राम पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेच्या ७.४ आवृत्तीवरून ८.१ वर नेला होता. न्यावाच लागणार होता. २८ नोव्हेंबर २०२२ नंतर ७.४ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नव्हत्या. सभासदांचे पत्ते, फोन नंबर सगळं त्यात होतं. लहानपणी याच वाचनालयाच्या बाकावर बसून मी पुस्तकं वाचली होती, त्यामुळे काम मनापासून केलं होतं. तीन रविवार नुसत्या चाचणीत घालवले होते.

पण चाचणी केली ती काय मोडतंय याची. ‘ईच’ नावाचं फंक्शन ८.० मध्ये काढून टाकलं होतं, ते माझ्या जुन्या कोडमध्ये जागोजागी होतं. ते २०१७ पासूनच ‘वापरू नका’च्या यादीत होतं, म्हणजे वेळ भरपूर मिळाला होता. अशा गोष्टी सापडतात. पान बंद पडतं, कितव्या ओळीत घोटाळा आहे ते कळतं, आपण दुरुस्त करतो.

बाईंच्या यादीत काहीच बंद पडलं नव्हतं. एकही एरर नाही. फक्त उत्तर बदललं होतं.

कारण एवढंसं होतं. दंडाचा रकाना मी सुरुवातीपासून मजकुराचा ठेवला होता, आणि ज्याचा दंड नाही त्याची जागा बाई रिकामी सोडत. कोडमध्ये साधी तुलना होती: दंड शून्याएवढा असेल तर नाव वगळा. पीएचपी ७ पर्यंत मजकुराची शून्याशी तुलना करताना मजकुराचा आकडा केला जाई. रिकाम्या मजकुराचा आकडा शून्य, म्हणून रिकामं आणि शून्य सारखंच. आठव्या आवृत्तीत ते उलटं झालं. मजकूर आकड्यासारखा दिसत नसेल तर शून्याचाच मजकूर करून दोन्ही ताडून पाहतात. ‘०’ आणि रिकामी जागा सारखी नाही. वेळेवर पुस्तकं परत करणारे सगळे थकबाकीदार ठरले.

हा बदल निकिता पोपोव्ह यांनी सुचवला होता आणि माझ्या मते तो योग्यच आहे. ‘आंबा’ हा शब्द शून्याएवढा आहे असं सांगणाऱ्या भाषेवर हिशेब कसा सोपवायचा? सल होती ती वेगळीच. २०२० साली, आठवी आवृत्ती यायच्या आधी, त्या प्रस्तावातला तक्ता मी वाचला होता. शून्य आणि रिकामा मजकूर: आधी खरं, आता खोटं. अशी ओळच होती त्यात. वाचली आणि पुढे गेलो. ७.४ मध्ये या बदलाची आगाऊ सूचना दाखवण्याची सोय नव्हती, ती ओळ वाचून लक्षात ठेवणं एवढाच इशारा होता.

मी मोटारसायकल काढून गेलो. यादी फलकावरून उतरली होती, पण एक निवृत्त शिक्षक ती आधीच वाचून गेले होते. ते घरी जाऊन जुन्या पावत्या घेऊन परत आले होते. रबरबँड काढून त्यांनी एकेक पावती टेबलावर मांडली, वर्षांच्या क्रमानं. “चाळीस वर्षांत एक दिवस उशीर नाही हो,” ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. मी त्यांची माफी मागितली. चूक वाचनालयाची नाही, माझ्या कोडची आहे, हेही सांगितलं. त्यांनी पावत्या तशाच क्रमानं उचलल्या आणि पुन्हा रबरबँड लावलं.

दुपारी यादी ओळीओळीनं तपासताना आणखी एक गोष्ट निघाली. सात नावं खरोखरच दंडाची होती आणि ती आजवर कधीच यादीत आली नव्हती. बाईंच्या आधीच्या लिपिकानं त्यांचा दंड ‘१५’, ‘४०’ असा देवनागरी अंकांत भरला होता. पीएचपीला देवनागरी अंक आकडा वाटत नाहीत, ती त्यांना नुसता मजकूर समजते. जुन्या आवृत्तीत त्याचंही शून्य होई, म्हणून इतकी वर्षं ती नावं गाळली जात होती. आपल्या भाषेत नीट लिहिलेला हिशेब प्रोग्रामला दिसतच नव्हता, आणि मराठी वाचनालयासाठी मराठीत प्रोग्राम लिहिणाऱ्या माझ्या ते ध्यानात आलं नव्हतं. याचं मला जास्त वाईट वाटलं.

त्या रात्री रकाना आकड्यांचा केला, रिकाम्या जागी शून्य भरलं. देवनागरी अंक टाइप केले तर साठवण्याआधी ते बदलून घेण्याची सोय केली. बाई आता दोन्ही प्रकारे टाइप करतात.

पीएचपीची नवी आवृत्ती साधारण दर नोव्हेंबरात येते, पहिली चाचणी-प्रत जुलैत मिळते. ती आली की तिच्यासोबतची ‘अपग्रेडिंग’ फाइल मी छापून घेतो. काढून टाकलेल्या गोष्टींवर फार वेळ घालवत नाही. जिथे ‘आता निकाल वेगळा येईल’ अशा अर्थाचं काही असेल तिथे पेन्सिलीनं खूण करतो. मग वाचनालयाच्या माहितीची नक्कल घेऊन दंडाची यादी जुन्या आणि नव्या, दोन्ही आवृत्त्यांवर काढतो आणि शेजारी शेजारी ठेवतो. त्या सरांचं नाव दोन्हीत नाही ना, हे सगळ्यात आधी बघतो.