टमाटर

आलापल्लीतल्या घरातून मी कॅनडातल्या एका बंद खोलीतली रोपं सांभाळतो. कॅमेरा फोटो पाठवतो. पान पिवळं पडलं, लोंबलं, की माझा कोड इशारा देतो. तिकडचे दिवे विझले की इन्फ्रारेडमध्ये हिरवी पानं पांढरी दिसतात.

बाबांना सांगितलं होतं, टमाटर आहेत. तिकडे २०१८पासून गांजा कायदेशीर. इथे १९८५च्या कायद्यानं विनापरवाना एक रोप लावलं तरी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. आणि बाबा निवृत्त वनरक्षक.

काल ते मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ स्क्रीनकडे बघून म्हणाले, "टमाटराले पाणी जास्त होऊन राहिलं."

नोकरीत असते तर हेच रोप त्यांनी उपटलं असतं.

मी तिकडे निरोप धाडला : पाणी कमी करा.