उतरलं, पण काय?

"पाच किलो उतरलं!" असं कुणी सांगितलं की माझा प्रश्न ठरलेला : काय उतरलं? काट्याला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. नुसतं जेवण तोडलं की शरीर दोन्हींतून वसुली करतं.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचा २०१६ सालचा प्रयोग बघा. वजन जास्त असलेले ४० तरुण. चार आठवडे गरजेपेक्षा ४० टक्के कमी उष्मांक आणि आठवड्यातून सहा दिवस दणकून व्यायाम. शरीराच्या दर किलोमागे रोज १.२ ग्रॅम प्रथिनं घेणाऱ्यांची चरबी ३.५ किलो उतरली, बाकीचं वजन होतं तेवढंच राहिलं. २.४ ग्रॅमवाल्यांची चरबी ४.८ किलो उतरली आणि चरबी सोडून बाकीचं वजन चक्क १.२ किलोने वाढलं!

आता आपलं ताट. ३० ग्रॅम तूरडाळीच्या वाटीभर वरणात प्रथिनं साधारण ७ ग्रॅम. ७० किलोच्या माणसाला १.२ च्या हिशेबानेसुद्धा ८४ लागतात. वरण-भातावर कसं भागणार? अंडी, मासे, पनीर, सोयाबीन, घरात जे चालतं ते वाढवा आणि वजनं उचला. साठीत जिना चढायचाय, तेव्हा काटा नाही, मांड्याच कामाला येणार.