कुलूप आणि शेजार

शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'चा तिसरा अंक शिकवताना विद्यार्थी हमखास दोनदा हसतात. शर्विलक चारुदत्ताच्या भिंतीला भगदाड पाडण्यापूर्वी त्याच्या आकाराचा विचार करू लागतो, तेव्हा पहिल्यांदा. उमललेले कमळ, सूर्य, चंद्रकोर, विहीर, स्वस्तिक, पूर्णकुंभ असे शास्त्रोक्त पर्याय त्याच्यापुढे असतात. मापाची दोरी विसरल्यामुळे तो सरळ गळ्यातले जानवे कामाला घेतो. दुसरा हशा मैत्रेयाच्या वाट्याचा. झोपेत बरळणारा हा ब्राह्मण समोर चारुदत्तच उभा आहे असे समजून दागिने आपल्या हाताने चोराच्या स्वाधीन करतो. दोन्ही हशे रास्त आहेत. परंतु अंक त्यानंतर जेथे पोहोचतो तेथे हसू थांबावे, अशी शूद्रकाची योजना आहे.

गेलेले दागिने चारुदत्ताचे नव्हेत. वसंतसेनेने विश्वासाने ठेवलेला तो न्यास आहे. जाग आल्यावर चारुदत्त आधी भगदाडाच्या सुबकपणाचे कौतुक करतो, आपल्या रिकाम्या घरातून चोर निराश होऊन गेला असेल म्हणून हळहळतोही. ठेव गेल्याचे कळताच मात्र तो खचतो. त्याचे दुःख द्रव्याचे नाही. चोरी खरोखरच झाली यावर कोणाचा विश्वास बसणार नाही, दरिद्री माणसानेच ठेव गिळली असे लोक म्हणतील, ही त्याची भीती आहे. म्हणून तर धूता आपली रत्नमाला पुढे करते. चोरीत वस्तू जाते हे सर्वांना दिसते. त्याच रात्री एखाद्याची पतही जाते, ही गोष्ट आपल्या वाङ्मयात इतक्या स्वच्छपणे क्वचितच आली असेल.

शर्विलकाची विद्या जुनी झाली असे समजण्याचे कारण नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेचे कलम ४४५ हे घरफोडीचे कलम. त्याखाली दिलेल्या उदाहरणांतले पहिलेच भिंतीला भोक पाडून आत हात घालणाऱ्याचे होते. दाराच्या छिद्रातून तार घालून कडी उचलणारा आणि घरमालकाची हरवलेली किल्ली सापडल्यावर तिने दार उघडणारा, हेही त्या यादीत होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्यायसंहिता लागू झाली आणि घरफोडीची व्याख्या कलम ३३० मध्ये आली. भिंत, कडी आणि किल्ली हे चोराचे तीन मार्ग मात्र आहेत तेच आहेत.

या मार्गांवर पहारा ठेवणारे शब्द आपल्या भाषेत दूरदूरच्या वाटांनी आले. आगळ संस्कृत अर्गलेपासून आली, कुलूप अरबीतून फारसीमार्गे आले आणि चावी पोर्तुगिजांनी आणली. प्रत्येक पिढीला आपले कुलूप अभेद्य वाटत आले आहे. लंडनमध्ये ब्रामा यांचे कुलूप अनेक दशके दुकानाच्या खिडकीत मांडलेले होते, आणि ते उघडणाऱ्यास दोनशे गिनींचे बक्षीस जाहीर झालेले होते. १८५१ च्या महाप्रदर्शनासाठी आलेल्या हॉब्ज या अमेरिकन कारागिराने ते उघडले. त्यासाठी त्याला सोळा दिवसांत मिळून सुमारे एक्कावन्न तास लागले. कुलूप हरले असे तेव्हा लोकांना वाटले. मला मात्र त्यात कुलपाचे खरे कार्य दिसते. कुलूप चोराला कायमचे अडवत नाही, ते त्याचा वेळ घेते. दाराला आतून आडवी पट्टी, चौकटीत खोल बसणारी कडी, खिडकीला गज, जिन्यात दिवा हे सारे उपाय चोराची मिनिटे वाढवणारे आहेत, आणि तेवढ्यासाठी ते अवश्य करावेत.

मोटारीची गोष्ट याहून वेगळी नाही. किल्ली खिशातच ठेवून चालू करता येणाऱ्या गाड्या आता सर्रास दिसतात. अशी गाडी किल्लीतून येणारा संदेश ओळखते. दोन चोरांपैकी एक घराच्या दाराशी यंत्र घेऊन उभा राहतो, आत खुंटीला टांगलेल्या किल्लीचा संदेश पकडतो आणि गाडीपाशी उभ्या असलेल्या साथीदाराकडे पोहोचवतो. धनी जवळ आला असे समजून गाडी दार उघडते. मैत्रेयाची झोप यंत्रालाही लागते, एवढाच याचा अर्थ. किल्ली दारापासून दूर, संदेश अडवणाऱ्या धातूच्या अस्तराच्या पिशवीत ठेवणे आणि स्टिअरिंगला बाहेरून दिसेल असे जाडजूड कुलूप लावणे, हे त्यावरचे साधे उपाय. त्यांचाही उपयोग चोराचा वेळ खाण्याचाच.

पण मिळालेल्या या वेळाचे करायचे काय? करवत वा पहार चालू असताना ती ऐकणारे कोणी नसेल, तर एक्कावन्न तासही अपुरे पडतील. शर्विलकाने बिजागऱ्यांवर पाणी शिंपडले ते दार करकरू नये म्हणून, म्हणजेच कोणी ऐकू नये म्हणून. सुट्टीत गावाला जाताना शेजाऱ्यांना सांगून जा, दाराशी वर्तमानपत्रे आणि दुधाच्या पिशव्या साचू देऊ नका, ही नेहमीची सूचना त्यामुळेच मला सर्व कुलपांहून मोलाची वाटते. तिच्यात एक गृहीत आहे: शेजारी आपले आहेत.

हे गृहीत आमच्या वसाहतीत कसे ढासळले ते मी पाहिले. एका सकाळी एक मोटार जागेवर नव्हती. काच फुटलेली नव्हती, फाटक शाबूत होते. दुपारपर्यंत निष्कर्ष निघाला, आणि दुसऱ्या दिवशी रात्रपाळीच्या रखवालदाराला काढून टाकण्यात आले. घरकाम करणाऱ्या बायकांच्या पिशव्या फाटकावर तपासल्या जाऊ लागल्या. गाडीवाल्यांच्या पिशव्या कोणी तपासल्या नाहीत. दोन महिन्यांनी मोटार दुसऱ्या जिल्ह्यात सापडली. पकडलेल्या टोळीचा रखवालदाराशी काहीही संबंध नव्हता. त्याला निरोप धाडण्यात आला, पण तो परत आला नाही. मोटारीचा विमा होता. त्याच्या पतीचा विमा कोणी उतरवला नव्हता.

कामावर घेताना माणसाची नीट माहिती घ्यावी, पोलिसांकडे नोंद करावी, यात गैर काही नाही. ती नोंद सर्वांना सारखी लागू असते आणि एकदा होऊन संपते. संशयाचे तसे नसते. तो उतरत्या क्रमाने वाहतो आणि ज्याच्याजवळ स्वतःची बाजू मांडायला सर्वांत कमी साधने आहेत, त्याच्यापाशी येऊन थांबतो. त्यात एक व्यावहारिक तोटाही आहे. पहाटे सर्वांत आधी जिना चढणारी बाई, रात्रभर जागा राहणारा माणूस, दूध टाकणारा मुलगा हेच आपल्या घराचे खरे कान आहेत. ज्याची रोज झडती घेतली जाते, त्याने आपल्या दाराशी झालेली खुटखुट ऐकून धावत का यावे?

आता फाटकावर चार कॅमेरे आहेत. काय घडले ते दुसऱ्या दिवशी त्यांत दिसते. गावाला जाताना मी मात्र घराची दुसरी किल्ली अजून समोरच्या वहिनींकडे देऊन जातो, आणि त्यांची माझ्याकडे असते. दंडसंहितेच्या उदाहरणात किल्ली हरवलेली होती. आमची दिलेली असते. वसंतसेनेने अनोळखी काळोखात चारुदत्ताचे दार पाहून जे केले, ते याहून फार निराळे नव्हते.